तापीत रात्रभर उभी केलेली बैलगाडी

चैत्र-वैशाखात आमच्या बुऱ्हाणपूरकडच्या गाडीवानांचं एक काम ठरलेलं असे. केळीचे घड उतरवून झाले की बैल सोडायचे आणि रिकामी गाडी तापीच्या उथळ पाण्यात ढकलून रात्रभर तिथेच उभी ठेवायची. पहाटे आजोबा मला घेऊन नदीवर जायचे. हातातल्या गोट्याने चाकावर ठोकून बघायचे, कान देऊन आवाज ऐकायचे आणि मगच बैल जुंपायचे. आदल्या दिवशी ज्या चाकाचे आरे खुळखुळत होते, ज्याची लोखंडी धाव आता निसटते की मग अशी झाली होती, ते चाक एका रात्रीत पक्कं झालेलं असे. कुणी खिळा मारला नव्हता की पाचर ठोकली नव्हती. सुताराचं काम पाण्याने केलं होतं.

पुष्कळ वर्षांनी कोकणात एका खाडीच्या काठावर मला ते चाक आठवलं. पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेली एक लाकडी होडी तिथे टेकूवर उभी होती. मी वाकून आत पाहिलं, तर फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. एवढ्या फटी असलेली होडी समुद्रात जाणार कशी? शेजारी जाळं विणत बसलेले म्हातारे तांडेल म्हणाले, "काळजी नको. पाण्यात गेली की दोन दिवसांत सांधे भरून येतील." जखम भरून येते तसे सांधे भरून येतात! समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून दूर वाढलेल्या माझ्यासारख्याला लाकडी होडीचं शास्त्र त्या एका वाक्यापासून उलगडत गेलं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाठीला बैलगाडी उपयोगी पडली.

लाकूड फुगतं, पण एकाच अंगाने

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. ज्वारीच्या धांड्यांची पेंढी बांधतो तशी, फक्त या नळ्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक असतात. झाड उभं असताना त्यांतून पाणी वर जातं. झाड तोडलं, लाकूड वाळलं, की आधी नळीच्या पोकळीतलं पाणी जातं. तोवर लाकूड आकाराने तसंच राहतं. मग नळीच्या भिंतीत मुरलेलं पाणी जाऊ लागतं आणि भिंती पातळ होतात. लाकूड आक्रसतं ते या टप्प्यावर. पुन्हा पाणी मिळालं की भिंती ते पितात आणि जाड होतात.

मात्र नळी जाड होते, लांब होत नाही. म्हणून फळी भिजली की तिची रुंदी वाढते, लांबी जवळजवळ तेवढीच राहते. ओल्या सागवानाची फळी पूर्ण कोरडी केली, तर ती कशी चिरली आहे त्यावर रुंदीत अडीच ते सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. लांबीत पडणारा फरक त्याच्यापुढे नगण्य. हवेवर वाळवलेली वीत-सव्वावीत रुंदीची फळी पुरती भिजली, तर तीनपासून सहा-सात मिलिमीटरपर्यंत पसरू शकते.

आता होडी बघा. तिच्या फळ्या लांबीने नाळेकडून मागच्या टोकाकडे जातात आणि रुंदीने एकमेकींना खेटून असतात. भिजल्यावर प्रत्येक फळी नेमकी शेजारणीच्या अंगावर रेलते, शेजारीण तिच्यावर. बाहेर सरकायला जागा नसते, कारण आतून फासळ्यांनी सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं. सांधे दाबाखाली बंद होतात. गाडीच्या चाकात हेच घडायचं. आरे फुगून तुंब्यात घट्ट बसायचे, कडेची गोल लाकडं फुगून धावेवर दाबायची.

यातूनच लाकडी होडीचा पहिला नियम निघतो: तिला कोरडं पडू द्यायचं नाही. काचतंतूंची किंवा लोखंडाची बोट आवारात वर्षभर पडली तरी तिचं फारसं बिघडत नाही. लाकडी होडी उन्हात पडली तर सांधे उघडतात आणि त्या फटींत वाळू, माती, खडे जाऊन बसतात. नंतर भिजल्यावर फळी फुगते खरी, पण मध्ये खडा असल्यामुळे सांधा मिळत नाही आणि कड चेंगरते. म्हणून काठावर ओढलेल्या होडीवर झापांचं छप्पर घालतात, अधूनमधून तिच्या अंगावर पाणी मारतात.

सुरतेचा कापूस

नुसतं फुगणं मात्र पुरत नाही. दोन फळ्यांमध्ये काहीतरी मऊ लागतं, जे दाबलं जाईल, चेपेल आणि पाण्याला वाट देणार नाही. ते काहीतरी म्हणजे कापूस, आणि इथे आमच्या नदीचा संबंध येतो.

तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, बुऱ्हाणपूरच्या घाटांवरून खानदेशात उतरते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. नदी थेट बंदराला जात असली तरी खडकाळ आणि उन्हाळ्यात आटणारी. त्यामुळे माल जायचा तो बैलगाड्यांच्या तांड्यांतून, आणि सुरतेला पोचल्यावर चढायचा जहाजांवर. ती जहाजंही तिथेच, तापीच्या काठी बांधलेली असायची.

१७७० च्या दशकात यान स्प्लिंटर स्टाव्होरिनुस हा डच कप्तान सुरतेला आला होता. तिथले कारागीर फळ्या कशा जोडतात हे त्याने इतकं बारकाईने पाहिलं आहे की वाचताना आपण त्या कारागिराच्या खांद्यावरून डोकावतोय असं वाटतं. युरोपात दोन फळ्यांच्या सपाट कडा नुसत्या एकमेकींना टेकवत. सुरतेचे सुतार एका फळीच्या कडेला खाच पाडत आणि दुसरीची कड तिच्यात बसेल अशी घडवत. बसवलेल्या फळीच्या कडेला ते लाल शेंदूर फासत आणि वरची फळी तिच्यावर दाबून पुन्हा उचलत. जिथे लाल डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे हे कळायचं. तेवढंच तासायचं. पुन्हा दाबायचं, पुन्हा बघायचं. डाग सगळ्या कडेवर सारखा उमटेपर्यंत हे चालायचं. मग दोन्ही कडांना एक प्रकारचा चिकट लेप लावत, जो जुना होईल तसा लोखंडासारखा कठीण होई. त्यावर सावरीच्या कापसाचा पातळ थर पसरत आणि फळ्या घट्ट जोडत. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडू नये, असं काम.

दातांचे डॉक्टर नवा दात बसवताना रंगीत कागद चावायला देतात, ती हीच युक्ती. डोळ्याला आणि बोटाला न जाणवणारा उंचवटा रंग दाखवतो.

याच सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया नावाचे कारागीर मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. त्यांतलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली मलबारी सागाचं बांधलं गेलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते आजही पाण्यावर तरंगतं आहे. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे त्याला कीड आणि कुज लवकर लागत नाही. युरोपातल्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळ्यांना खातं, तसं साग करत नाही. लाकूड चांगलं आणि सांधा चांगला, एवढ्यावर दोनशे वर्षं.

अजिंठ्याचं जहाज आणि सुईदोरा

बुऱ्हाणपूरहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरभर दक्षिणेला अजिंठा. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलं आहे. उंच शिडं, नाळेवर काढलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही, रांगेने ठेवलेले रांजण. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं होतं आणि सगळ्यांसारखाच पुढे गेलो होतो. या एका चित्रावरून आपल्या काळात खरंखुरं जहाज बांधलं गेलं, हे कळल्यापासून मात्र ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

२०२३ मध्ये केंद्राचं संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांनी मिळून हे काम हाती घेतलं. सुमारे २० मीटर लांबीच्या या जहाजाचं नाव 'कौंडिण्य'. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. केरळहून आलेल्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली ही शिलाई केली.

फळीच्या कडेला दर काही बोटांवर भोकं पाडायची, शेजारच्या फळीला त्यांच्या समोर भोकं. सांध्यावर आतून नारळाच्या सोडणाच्या तंतूंची जाड वळी ठेवायची आणि भोकांतून दोरी ओवून, ताणून, ती वळी सांध्यावर आवळायची. गोधडीच्या दोन पदरांत जुनी लुगडी भरून टाके घालतात, त्याच घाटाचं काम. मग भोकं बुजवायची आणि सगळ्यावर राळ व माशाचं तेल यांचा लेप द्यायचा. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, काथ्याही फुगतो, आणि टाका जास्तच घट्ट होतो.

शिवलेल्या होडीचा एक गुण खिळ्याच्या होडीत नाही. लाट आदळली की ती थोडी वाकते, अंग चोरते आणि पुन्हा जागेवर येते. किनाऱ्याच्या फुटणाऱ्या लाटांत किंवा वाळूवर आदळताना ताठ होडी चिरफाळते, शिवलेली तग धरते. त्याची किंमतही आहे. काथ्या झिजतो. म्हणून अशा होड्या ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवाव्या लागतात. उसवता येणं हीही सोयच म्हणायची, कारण एक फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

चित्रातून जहाज कसं काढायचं?

अजिंठ्याच्या चित्रकाराने मापं दिलेली नाहीत. माणसं जहाजाच्या मानाने मोठी आहेत, बाजू एकाच अंगाने दिसते, पाण्याखालचा भाग दिसतच नाही. होडीचं निम्मं शहाणपण तर पाण्याखाली असतं! 'कौंडिण्य'च्या वेळी चित्रातल्या आकारावरून अंदाज बांधून आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात लहान प्रतिकृतींची पाण्यात चाचणी घ्यावी लागली, ती यासाठी.

होडीचा आराखडा मुळात काय असतो ते काकडीवरून कळेल. काकडीच्या चकत्या पाडल्या आणि प्रत्येक चकतीची बाह्यरेषा कागदावर काढली, तर त्या रेषांवरून अख्खी काकडी पुन्हा उभी करता येईल. होडीच्याही अशा आडव्या चकत्या कल्पायच्या. नाळेजवळची चकती अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. मधली रुंद, कढईसारखी. मागे पुन्हा निमुळती. दर चकतीच्या मापाची एक फासळी केली की होडीचा सांगाडा तयार.

अडचण येते ती दोन चकत्यांच्या मधे. तिथली रेषा सलग, गोडपणे वळलेली हवी. कुठे खळगा राहिला किंवा फुगवटा आला तर पाणी तिथे घोटाळतं, भोवरे होतात, होडी अडखळते. ही गोड रेषा काढायला होडी बांधणारे पातळ, लवचीक पट्टी वापरतात. पतंगाची कामटी आठवा. कामटीला दोन टोकांना आणि मध्ये एक-दोन ठिकाणी धरलं की उरलेलं वळण ती स्वतःच ठरवते, आणि ते वळण नेहमी सुरेख येतं, कारण बांबू एकाच जागी जास्त वाकायला राजी नसतो. वाक तो सगळीकडे वाटून देतो. अशा पट्टीला इंग्रजीत स्प्लाइन म्हणतात. आज संगणकावर मोटारीचा आकार किंवा छापायच्या अक्षराचं वळण काढतात, तेव्हा ज्या गणिती वक्राचा उपयोग करतात त्याचं नावही स्प्लाइनच आहे. कामटी संगणकात गेली.

आपल्याकडचे जुने मिस्त्री कागद वापरत नसत. पठाण किती हात लांब, एवढं एकदा ठरलं की रुंदी किती, नाळ किती उंच, डोलकाठी कुठे, हे सगळं त्या मापाच्या हिशोबात त्यांच्या डोक्यात असे. आणि पुष्कळ ठिकाणी आधी फळ्यांचं कवच उभं करत, फासळ्या मागाहून त्या कवचात बेतून बसवत. म्हणजे चकत्यांवरून काकडी नव्हे, तर आधी काकडीचं साल!

वाकवायच्या लाकडाला वाफ देतात. लाकडाच्या नळ्या एकमेकींना चिकटवून ठेवणारं जे द्रव्य असतं ते उष्णतेने मऊ पडतं, थंड झालं की पुन्हा कडक होतं. लाखेची बांगडी घडताना ज्याने पाहिली असेल त्याला वेगळं सांगायला नको. शेगडीवरून उतरवली की कारागिराला चटचट हात चालवावा लागतो. होडीची फासळीही वाफेच्या पेटीतून काढली की मिनिटभरात जागेवर बसली पाहिजे.

┌──────────────────────────┐
होडीवरचे काही शब्द
पठाण: होडीच्या तळाचा कणा. सगळं याच्यावर उभं राहतं.
नाळ: पुढचं टोक, जे पाणी कापतं.
नीरम: होडी उलटू नये म्हणून तळाशी ठेवलेलं वजन, दगड, वाळू किंवा मालच.
परबाण: तिरकं शीड ज्याला बांधतात तो लांब वासा.
वाकस: लाकूड तासायचं, कुदळीसारखं धरायचं हत्यार.
सामता: दोरी-धनुकलीने फिरवून भोक पाडायचं हत्यार.
└──────────────────────────┘

कापसाची गाडी का कलंडते?

हे थोडक्यात सांगतो, कारण गाडीवानाला ते माहीतच असतं. कापूस उंच रचला की गाडी वळणावर कलंडते. तेवढ्याच वजनाची धान्याची पोती तळाशी पसरली तर कलंडत नाही. वजन खाली असलं की गाडी सावरते. होडीत म्हणूनच नीरम तळाशी घालतात.

होडीला आणखी एक आधार असतो, जो गाडीला नाही. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. जितकी होडी पाण्यात शिरते तितकं पाणी तिला वर ढकलतं, म्हणून कललेल्या बाजूला जास्त रेटा मिळतो आणि ती परत सरळ होते. रुंद होडीत हा रेटा लांबवर लागतो, म्हणून ती चटकन सावरते. अरुंद होडी वेगाने जाते, पण नीरमावर जास्त अवलंबून राहते. दोन्ही गुण एकदम मिळत नाहीत. कुठल्या पाण्यात जायचं आहे ते ठरवूनच मिस्त्री रुंदी ठरवतो.

वाऱ्याच्या तोंडावर जायचं कसं?

मागून वारा आला, शिडात भरला, होडी पुढे गेली. यात कोडं नाही. पण समोरून वारा येत असताना होडी समोर जाते कशी? मला हे समजायला फार दिवस लागले, आणि शेवटी समजलं ते पुन्हा गाडीवरूनच.

गाडी मोकळ्या मैदानात उभी आहे अशी कल्पना करा. तिला मागून सरळ न ढकलता मागच्या कोपऱ्यावरून तिरकं ढकला. गाडी तुम्ही ढकलता त्या तिरक्या दिशेला जात नाही. ती चाकांच्या दिशेने, नाकासमोर जाते. चाक पुढे गडगडायला तयार असतं, आडवं घसरायला नसतं. तुमच्या तिरक्या जोरातला आडवा हिस्सा चाकं जमिनीत जिरवतात आणि पुढचा हिस्सा तेवढा गाडीला मिळतो.

पाण्यात चाकाचं काम पठाण करते. हौदात ताट धरून बघा. धारेने कापत नेलं तर सुळकन जातं, सपाट बाजूने ढकललं तर पाणी अडवून धरतं. होडीच्या तळाची उभी, लांब फळी पुढे जाताना पाणी कापते आणि आडवी सरकताना पाणी अडवते. म्हणजे होडीला तिरका जोर मिळाला तरी ती बहुतेक पुढेच जाणार.

आता तो तिरका जोर शिडातून कसा येतो ते पाहू. एसटीच्या खिडकीतून लहानपणी आपण तळहात बाहेर काढायचो आणि वडीलधाऱ्यांची बोलणी खायचो. तळहात जरा तिरपा केला की वारा हाताला मागे ढकलायचाच, पण त्याहून जास्त वर उचलायचा. शीड हा असा तिरपा तळहात आहे. त्याला पोटासारखा बाक असतो. वारा त्या बाकावरून वळतो, आणि वारा जिकडे वळवला जातो त्याच्या उलट बाजूला शिडाला रेटा मिळतो. हा रेटा शिडाच्या कापडाशी जवळजवळ काटकोनात असतो. शीड होडीच्या लांबीशी थोडं तिरपं धरलं की त्या रेट्याचा मोठा हिस्सा आडवा आणि लहान हिस्सा पुढच्या दिशेला येतो. आडवा हिस्सा पठाण जिरवते आणि होडीही थोडी कलते. पुढचा लहान हिस्सा होडीला नेतो.

अगदी वाऱ्याच्या नाकावर मात्र जाता येत नाही, शीड नुसतं फडफडतं. म्हणून होडी वाऱ्याशी काही अंशांचा कोन ठेवून डावीकडे तिरकी जाते, मग वळून उजवीकडे तिरकी, पुन्हा डावीकडे. सातपुड्याच्या चढावर भरली गाडी नेताना बैल नागमोडी का नेतात? सरळ चढ त्यांना झेपत नाही म्हणून. वाऱ्याचा चढही तसाच नागमोडी चढायचा. ४५ अंशांच्या कोनाने गेलं, तर समोरचं १० किलोमीटरवरचं ठिकाण गाठायला सुमारे १४ किलोमीटर जावं लागतं.

अरबी समुद्रातल्या आपल्या गलबत-मचव्यांचं तिरकं, परबाणाला बांधलेलं शीड या कामाला चांगलं. मात्र दिशा बदलताना तो लांब वासा डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो आणि सगळे खलाशी त्यात गुंततात. 'कौंडिण्य'सारखं चौकोनी शीड मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यात उत्तम, समोरच्या वाऱ्यात लंगडं. म्हणूनच जुने लोक वाऱ्याशी भांडण्यापेक्षा ऋतूची वाट बघत. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, पाऊस ओसरला की निघायचं. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून येतो तेव्हा अरबस्तानाकडे, नैर्ऋत्येचा सुरू झाला की परत. 'कौंडिण्य'सुद्धा डिसेंबर २०२५ च्या शेवटी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. महिना कुणी लहरीने निवडला नव्हता.

मुंबईची 'सुहेली'

लहान लाकडी होडीवर जगभर इतकं सुंदर लिहिलं गेलं आहे की होडी बांधणं आणि तिच्याबद्दल लिहिणं हा एकच उद्योग असावा असं वाटतं. जोशुआ स्लोकम याने अमेरिकेत एका शेतात पडलेली 'स्प्रे' नावाची मोडकी होडी जवळजवळ फळी न् फळी बदलून नवी केली. १८९५ ते १८९८ मध्ये तो तिच्यातून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. फासळ्या वाफवून कशा वाकवल्या हेही त्याने सांगितलं आहे. पण माझ्या मनात घर करून आहे ती मुंबईत बांधलेली एक होडी.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी १९६० च्या दशकात मुंबईत होता. विल्यम अॅटकिन या अमेरिकन आरेखकाच्या नकाशावरून त्याने कुलाब्यात ३२ फुटांची सागवानी होडी बांधून घेतली. तो नकाशाही नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात माणसं वाचवण्यासाठी आखलेल्या होड्यांच्या वळणावर बेतलेला. म्हणजे नॉर्वेचा आकार, अमेरिकेचा कागद, आपला साग आणि आपल्या सुतारांचे वाकस आणि सामते. १९६४ च्या अखेरीस नारळ फोडून ती पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहेली'. आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला या नावाने ओळखतात.

१४ जून १९६८ ला नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. ३१२ दिवस, मध्ये कुठेही न थांबता. असं करणारा तो पहिला माणूस.

त्याने लिहिलेल्या हकिगतीतला एक प्रसंग सांधा म्हणजे काय ते अख्ख्या पाठ्यपुस्तकापेक्षा नीट दाखवतो. प्रवास सुरू होऊन काही आठवडेच झाले होते आणि आत पाणी येऊ लागलं. अटलांटिकमध्ये त्याने बुडी मारून पाहिलं. तळाशी, पठाणीला लागून असलेल्या सांध्याची फट होडी डुलेल तशी उघडत-मिटत होती. त्याने पाण्याखाली श्वास रोखून कापूस ठासून पाहिला, तो राहीना. हातोडी-पटाशी चालवायला तिथे पाय रोवायला जागाच नव्हती. मग त्याने वर येऊन शिडाच्या जाड कापडाच्या पट्टीवर कापूस सुईदोऱ्याने शिवला, तिला डांबर लावलं, आणि ती पट्टी पाण्याखाली जाऊन तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, त्याला गोळी घालावी लागली. पट्टी सुटू नये म्हणून वर तांब्याचा पत्रा मारला. पाणी थांबलं. कापूस, डांबर, सुई: सुरतेच्या कारागिराला आणि केरळच्या शिलाईवाल्याला यातलं काहीच परकं वाटलं नसतं.

'सुहेली'चे लोखंडी खिळे पुढे खाऱ्या पाण्याने खाल्ले आणि काही वर्षांपूर्वी ते बदलावे लागले. साग मात्र तोच आहे. पुढे नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा तयारीच्या काळात त्यांना सल्ला द्यायला हाच नॉक्स-जॉन्स्टन होता. दोंदे यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. तिचा गाभा लाकडाचा, पण बाहेरून काचतंतू आणि रसायनाचं कवच. त्यामुळे लाकडाला पाणी लागतच नाही, फुगायचा-आक्रसायचा प्रश्नच मिटतो. जुन्या होडीने पाण्याला आत घेऊन जे साधलं ते नवी होडी पाण्याला बाहेर ठेवून साधते.

जुन्या पद्धतीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं बाहेरून आलेल्यांनी लिहिलेलं आहे. स्टाव्होरिनुस, एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फत्तेमारीचे मोजून नकाशे काढणारा फ्रेंच नौदल अधिकारी पारी, विसाव्या शतकात भारतीय होड्यांवर आयुष्य घालवलेले जेम्स हॉर्नेल. आपल्या मिस्त्रींनी लिहिलं नाही, कारण त्यांना लिहायची गरज नव्हती. मुलगा शेजारी उभा असे. आता तो शेजारी नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की कोकणातल्या, गोव्यातल्या ज्या कुणाला अजून एखादा म्हातारा मिस्त्री गाठता येईल त्याने वही घेऊन जावं आणि मराठीत, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्यावं. लाल डाग उमटेपर्यंत किती वेळा फळी उचलायची, हे स्टाव्होरिनुसने लिहिलेलं नाही. ते त्या म्हाताऱ्याच्या हाताला माहीत आहे.

पहिल्या दिवशी पाणी येतंच

नवी किंवा वर्षभर वर राहिलेली होडी पाण्यात उतरते तेव्हा नवख्याचा जीव खाली-वर होतो. नारळ फुटतो, सगळे मिळून ढकलतात, होडी तरंगते, आणि थोड्याच वेळात आतल्या फळ्यांवर बारीक थेंब धरतात. थेंबांच्या रेघा होतात, रेघांचं तळाशी डबकं होतं. जाणते लोक निवांत असतात. एकजण होडीत बसून डब्याने पाणी उपसत राहतो. रात्री उठून पुन्हा उपसतो. कापूस पाणी पितो, फळ्या पाणी पितात, शेजारणीवर रेलतात. दुसऱ्या दिवशी उपसा निम्म्यावर येतो. मग तळ नुसता ओलसर राहतो.

त्या खाडीवरच्या होडीचं पुढे काय झालं ते पाहायला मी थांबू शकलो नाही. पण तांडेल हातातलं जाळं बाजूला ठेवून उठले होते, होडीच्या अंगावर बोटांच्या पेरांनी ठोकत नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चालत गेले होते, आणि दर फळीपाशी मान जराशी कलती करून आवाज ऐकत होते. तापीच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून आजोबा चाकापाशी मान कलती करायचे, तशीच.